मागचं डावं चाक

गाडी घेऊन दीड वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मला तो गंज पहिल्यांदा दिसला.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये नळाला पाइप लावून मी माझी गाडी स्वतः धुते. माझा नवरा गॅलरीतून चहाचा कप दाखवून 'वर ये' म्हणून खुणावत असतो आणि मी 'आले, आले' म्हणत टायर घासत असते. तर त्या दिवशी मागच्या डाव्या चाकाच्या फटींतून आतली डिस्क दिसली. ब्रेक लावला की ज्या लोखंडी थाळीला दोन बाजूंनी पकडून चाक थांबवलं जातं, ती थाळी. ती तपकिरी झाली होती. विहिरीवरच्या जुन्या रहाटासारखी, खरखरीत.

नव्या गाडीच्या डिस्कला पाणी लागलं की तांबूस झाक येते आणि चार वेळा ब्रेक लावला की ती जाते, एवढं मला माहीत होतं. म्हणून मी कापड टाकलं, किल्ली घेतली आणि मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत एक चक्कर मारून आले. उतरून चारही चाकांजवळ वाकून बघितलं. तीन डिस्क आरशासारख्या चकाकत होत्या. मागची डावी तशीच तपकिरी.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आठवड्यातले काही दिवस शहरात काम करते आणि बाकीचे दिवस सिल्लोडला एका दवाखान्यात जाते. गुडघे, कंबर, खांदे. हर्सूल, सावंगी, चौक्याचा घाट, फुलंब्री, मग सिल्लोड. हा रस्ता मी एसटीनं केलाय, काळीपिवळीत कोंबून केलाय, आणि शेवटी कर्ज काढून ही गाडी घेतली ती या रस्त्यासाठीच. ऑटोमॅटिक आहे. घेताना शोरूमवाल्यानं बोनेटवर हात ठेवून सांगितलं होतं, "मॅडम, चारही चाकांना डिस्क ब्रेक. या किमतीत कोणीच देत नाही."

सोमवारी मी सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरचा सल्लागार अगदी तरतरीत माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्यानं वाकून बघितलं आणि हसला.

"मॅडम, हे तर नॉर्मल आहे. पाण्यानं येतो गंज. गाडी चालवली की जातो."

"चालवून बघितली. तीन चाकांचा गेला, याचा नाही गेला."

तो पुन्हा वाकला. आता काय सांगावं हे त्याला पटकन सुचलं नसावं, कारण तो जरा जास्त वेळ वाकून राहिला. मग उठून म्हणाला, "तुमच्या पार्किंगमध्ये डाव्या बाजूला ओल असेल."

आमच्या पार्किंगमधली ओल माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक सोडून फक्त मागच्या डाव्या चाकाला येऊन चिकटते, असं या माणसाचं म्हणणं होतं. हे मी त्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नका मॅडम, काही होत नाही." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

त्या दिवशी मी परत आले. भांडले नाही. काम होतं, वेळ नव्हता, आणि एवढ्या ठामपणे कोणी 'काही होत नाही' म्हटलं की थोडा वेळ तरी आपल्यालाच वाटतं, आपण उगाच करतोय.

पुढं काही आठवड्यांनी आवाज सुरू झाला. ब्रेक हळू दाबला की मागून 'खर्र' असा, दळणाच्या गिरणीत खडा गेल्यासारखा. पुन्हा गेले. या वेळी नवरा सोबत होता, त्याला त्या बाजूला बँकेत काम होतं. तिथंच चूक झाली म्हणायची, कारण आम्ही दोघं काउंटरपाशी गेलो तसा सल्लागार नवऱ्याकडं वळून म्हणाला, "बोला सर, काय प्रॉब्लेम आहे गाडीला?"

"मागून आवाज येतो," मी म्हणाले.

"सर, कधीपासून येतोय आवाज?"

नवरा माझ्याकडं बघायला लागला. मी सांगितलं, कधीपासून येतोय, कधी येतो, कुठल्या बाजूनं येतो. सल्लागारानं ते टॅबवर टिपलं आणि आवाज खाली आणून नवऱ्याला विचारलं, "मॅडमच चालवतात का गाडी?"

"हो."

"मग बरोबर," तो समजूतदारपणे मान हलवत म्हणाला. "ऑटोमॅटिकमध्ये लेडीज लोकांना सवय असते सर. डाव्या पायानं ब्रेक दाबून ठेवतात. चालता चालता. मग पॅड लवकर जातात."

मी तिथंच उभी होते. हाताच्या अंतरावर. मी एकोणीस वर्षांची असताना वडिलांच्या जीपवर गाडी शिकले. आमच्या शेताच्या रस्त्यावर, काळ्या मातीत, जिथं चाक रुतलं की स्वतः उतरून धक्का मारावा लागायचा. डावा पाय कुठं ठेवायचा हे मला या टॅबवाल्यानं, तेही माझ्या नवऱ्यामार्फत, सांगायचं होतं.

"मी डाव्या पायानं ब्रेक लावत नाही," मी म्हणाले. "चाक उघडून बघा."

"उघडतो ना मॅडम. तुम्ही वर लाउंजमध्ये बसा. कॉफी घ्या."

काचेच्या भिंतीमागं आम्ही बसलो. टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या, आवाज बंद. गाडी आत कुठं गेली, काय झालं, काही दिसलं नाही. थोड्या वेळानं तो वर आला. म्हणाला, ब्रेक साफ केले, पॉलिश पेपर मारला, आता आवाज येणार नाही. "पॅड बघितले का?" मी विचारलं. "बाहेरून बघितले मॅडम, भरपूर आहेत."

बाहेरून. हा शब्द मी तेव्हा नीट ऐकला नाही. नंतर किती वेळा आठवला!

घरी येताना रस्त्यात नवरा म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस." मी म्हणाले, "त्यानं तुला विचारलं तेव्हा तू 'मला काय माहीत, हिला विचारा' एवढं म्हणायला पाहिजे होतंस." तो म्हणाला, "सुचलं नाही." खरंच सुचलं नसणार. तो वाईट माणूस नाही. पण ज्याला न मागता मान मिळतो, त्याला तो परत करायचं सुचत नाही, हे मी त्या दिवशी बघितलं.

मग तो घाट आला.

सिल्लोडला माझ्याकडं एक मावशी यायच्या. शेतकरी घरातल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, बोलक्या. त्यांची लेक मुकुंदवाडीला राहते. लेकीकडं जायचं होतं आणि गुडघा वाकवून एसटीत चढणं जमत नव्हतं, म्हणून मी म्हणाले, चला माझ्यासोबत. पुढची सीट मागं सरकवून दिली, पाय लांब करून बसल्या. फुलंब्रीपर्यंत सुनेच्या तक्रारी सांगितल्या. चौका गेलं, घाट उतरायला लागलो. पुढं मक्याच्या पोत्यांनी भरलेला ट्रक डुलत चालला होता. ऑटोमॅटिकमध्येही गिअर हातानं खाली घेता येतो, तो मी घेतला, तरी मधून मधून ब्रेक लावावाच लागत होता.

मावशींनी नाक वर केलं. "डॉक्टरीणबाई, काय तरी जळू राह्यलंय."

मलाही वास आला होता. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. तेवढ्यात ब्रेक लावला आणि मागून असा काही आवाज आला की मावशींनी दरवाज्याचं हँडल धरलं. लोखंडावर लोखंड. पायाखालचं पेडल थरथरायला लागलं, आणि गाडीचं बूड डावीकडं ओढल्यासारखं वाटलं. गाडी थांबली नाही असं नाही. तीन चाकं शाबूत होती, थांबली. पण ट्रकच्या फळीवरची मक्याची पोती मला जितकी जवळून दिसली, तितकी जवळून मला ती बघायची नव्हती.

घाटाच्या कडेला जागा बघून गाडी घेतली. उतरले. मागच्या डाव्या चाकातून धुराची बारीक रेघ निघत होती. हात जवळ नेला तर धग. मावशी आतून विचारत होत्या, "पेटली का वं? मी उतरू का?" त्यांना आधार देऊन उतरवलं, दगडावर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली. एका चाकापायी मी एका म्हातारीला घाटात, नव्या गुडघ्यासकट, दगडावर बसवलं होतं. आणि हे चाक मी दोनदा दाखवलं होतं. बोट लावून दाखवलं होतं.

सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तोच सल्लागार.

"मॅडम, घाटात सतत ब्रेक दाबून उतरलात का?"

मी सांगितलं, गिअर खाली होता.

"ओके. सर आहेत का जवळ?"

त्यावर मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. मावशींनी पदरानं तोंड झाकून घेतलं, हसू लपवायला की लाजेनं, ते विचारलं नाही. एवढं खरं की गाडी न्यायला टोइंगवाला लगेच आला. मावशींचे जावई स्वतःची रिक्षा घेऊन आले आणि त्यांना घेऊन गेले. जाताना मावशी म्हणाल्या, "त्याला सोडू नका बरं का. लई शानपना करू राह्यला त्यो." मी म्हणाले, "नाही सोडत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिस सेंटर उघडायच्या आधीच मी दारात होते. नवराही आला, सुट्टी टाकून. रिक्षातून उतरण्याआधी मी त्याला म्हणाले, "आज तू बोलायचं नाहीस." त्यानं मान डोलावली.

सल्लागार पुढं आला आणि नेहमीसारखं, "लाउंजमध्ये बसा मॅडम."

"नाही बसणार. चाक माझ्यासमोर उघडायचं."

त्यानं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. ग्राहकांना वर्कशॉपमध्ये प्रवेश नाही. मी म्हणाले, पाटी वाचता येते मला, मॅनेजरला बोलवा. मॅनेजर आले. पोक्त, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड.

"मॅडम, सेफ्टी पॉलिसी आहे. तुमच्याच सेफ्टीसाठी."

"काल घाटात माझी सेफ्टी कुठं होती?"

तोवर काउंटरवरचे दोघंतिघं गिऱ्हाईक वळून बघायला लागले होते. एका टोपीवाल्या चाचांनी तर खुर्चीच वळवून घेतली. मॅनेजर म्हणाले, "या."

गाडी लिफ्टवर होती. मेकॅनिकनं चाक काढलं. मी खाली वाकून उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते सगळं जवळून बघितलं. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. ब्रेक दाबला की एक लोखंडी चिमटा दोन्ही पॅड डिस्कवर आवळतो, बस्स, एवढीच करामत. माझ्या डिस्कची बाहेरची बाजू गंजलेली होती, तिथला पॅड जवळजवळ नवा. आतल्या बाजूचा पॅड मात्र संपलेला, नुसता पत्रा उरलेला, आणि डिस्कला आतून बोट बसेल अशी चर पडलेली. एकाच थाळीची एक बाजू वापराविना गंजलेली आणि दुसरी घासून घासून संपलेली.

"आता उजवं चाक काढा," मी म्हणाले.

"त्याची गरज नाही मॅडम," सल्लागार म्हणाला.

"काढा."

मेकॅनिकनं मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजरनी हात हलवला. उजवं चाक निघालं. डिस्क दोन्हीकडून स्वच्छ, दोन्ही पॅड सारखे झिजलेले, म्हणजे फारसे झिजलेलेच नाहीत.

मी मेकॅनिकला म्हणाले, हा चिमटा हलवून दाखवा. उजवीकडचा हातानं सहज सरकला. डावीकडं त्यानं हात लावला, मग दोन्ही हात लावले, मग पाना अडकवून ताणला. हलेना. ज्या पिनांवर तो सरकतो, त्या जाम होत्या. मी त्याला विचारलं, "या कशामुळं जाम झाल्या?" तो खाली बघत म्हणाला, "मला नका विचारू मॅडम, साहेबांना विचारा." त्याची नोकरी होती, मी आग्रह केला नाही.

माझ्याकडं रोज माणसं येतात. कोणी म्हणतं, दोन्ही गुडघे दुखतात, तेव्हा मी वजन विचारते, चालणं विचारते. पण एकच गुडघा, तोही एकाच बाजूनं झिजलेला असेल तर मी त्या माणसाला 'तुमची चालायची सवयच वाईट' असं म्हणत नाही. आधी तो सांधा तपासते. हे मला शिकवलेलं होतं. यांना कोणी शिकवलंच नव्हतं, का गिऱ्हाईक बाई असली की शिकलेलं विसरायचं असतं, कोण जाणे.

"पिना जाम झाल्यात खऱ्या," मॅनेजर म्हणाले. "पण तेही वापरानंच होतं मॅडम. ड्रायव्हिंग स्टाइलवर असतं."

"साहेब," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "माझ्या पायाखाली ब्रेकचं एकच पेडल आहे. चार चाकांना मिळून एक. त्यातलं मागचं डावंच चाक दाब, आणि तेही फक्त आतल्या बाजूनं दाब, असं मी त्या पेडलला सांगू शकते का? कुठला पाय लावला की असं होतं ते मला दाखवा. डावा लावू का उजवा?"

शेजारच्या लिफ्टवर काम करणारे दोघं हातातलं काम सोडून ऐकत होते.

"ब्रेक हा वेअर अँड टेअरमध्ये येतो," मॅनेजर म्हणाले. "वॉरंटीत नाही."

"पॅड नसतील वॉरंटीत. ते झिजण्यासाठीच असतात, मान्य. पण ही पिन झिजलेली नाही, अडकलेली आहे. आणि अडकली म्हणून मी दोनदा गाडी दाखवली. एकदा तुमचा माणूस म्हणाला पार्किंगमध्ये ओल आहे. दुसऱ्यांदा त्यानं बाहेरचा पॅड बघितला आणि भरपूर आहे म्हणाला. आतला बघायला चाक काढावं लागतं, ते त्यानं काढलंच नव्हतं."

सल्लागार टॅबकडं बघत होता. मॅनेजरनी दीर्घ श्वास घेतला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाले, "सर, तुम्ही जरा समजून सांगा ना मॅडमना."

मी नवऱ्याला बोलू नकोस म्हटलं होतं. तो बोलला.

"मला गाडी चालवता येत नाही," तो म्हणाला. "मी हिच्या शेजारी बसून फिरतो. मी काय समजून सांगणार? ती सांगतेय ते तुम्हीच समजून घ्या."

मॅनेजरांचं हसू तिथंच राहिलं, चेहऱ्यावर विसरल्यासारखं. शेजारच्या लिफ्टखालून कोणीतरी खोकलं.

त्यानंतर मॅनेजर केबिनमध्ये गेले, फोन करत राहिले, परत आले. म्हणाले, चिमटा, पिना, दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड, सगळं बदलून देतो. पैसे लागणार नाहीत. "कंपनी गुडविल म्हणून करतेय मॅडम."

"गुडविल नको," मी म्हणाले. "दोष होता म्हणून बदलला, असं म्हणा."

"तसा ऑप्शन सिस्टिममध्ये नाही."

खूप भांडले मी त्या एका शब्दावरून. नवरा म्हणत होता, काम होतंय ना, जाऊ दे. पण मला माहीत होतं, गुडविल म्हटलं की त्यांनी माझ्यावर उपकार केला असं होतं, आणि मी हट्टी बाई ठरते जिचं तोंड बंद करायला काहीतरी द्यावं लागलं. शब्द काही बदलला नाही. शेवटी मी गाडी घेतली, कारण मला सिल्लोडला जायचं होतं आणि माणसं गुडघे घेऊन माझी वाट बघत बसली होती. त्यात माझी हार झाली असं मी तेव्हाही मानलं, आताही मानते.

पुढच्या आठवड्यात मावशी आल्या तेव्हा पहिलाच प्रश्न. "मंग, कबूल केलं का त्यानी?"

"नाही. गाडी दुरुस्त केली. कबूल नाही केलं."

मावशी पाय लांब करत म्हणाल्या, "मला बी डाक्टर तसंच म्हनले व्हते. गुडघ्याला काय नाय, वयामानानं होतंय. चार वर्सं तसंच म्हनले." मग स्वतःच हसल्या. "तुमचं लवकर झालं म्हना की."

मला हसू आलं नाही. मी त्यांचा गुडघा वाकवायला घेतला.

काही दिवसांनी सल्लागाराचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "मॅडम, कंपनीकडून एक फोन येईल. फीडबॅकचा. दहापैकी दहा द्या प्लीज. नाहीतर आमच्यावर येतं."

मी म्हणाले, "बघते."

फोन आला तेव्हा मी फुलंब्रीच्या अलीकडं रसवंतीपाशी थांबले होते. पलीकडं एक मुलगी, पाठ केलेलं वाचल्यासारखी. सेवेबद्दल समाधानी आहात का? मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली. गंज, ओल, डावा पाय, घाट. तिनं ऐकून घेतलं, मग चाचरत म्हणाली, "मॅडम, सॉरी, माझ्याकडं फक्त आकडा टाकायची जागा आहे."

मी थोडा विचार केला. तो सल्लागार डोळ्यांसमोर आला, इस्त्रीचा शर्ट, टॅब. त्याचा पगार कापला जाईल का, त्याला ओरडा बसेल का, हे मनात आलं. आणि मग हेही आलं की त्याच्या मनात माझ्याबद्दल असं काही एकदाही आलं नव्हतं.

"दोन," मी म्हणाले.

"दोन, मॅडम?"

"दोन. शेवटी चाक उघडलं त्याचे."

ती म्हणाली धन्यवाद, आपला दिवस चांगला जावो. मी रसाचा ग्लास संपवला, गाडीत बसले आणि सिल्लोडच्या रस्त्याला लागले. राग गेला नव्हता.